बेळगाव-निपाणीच्या मातीतला स्पॅगेटी सॉस

बेळगावहून पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणीकडे निघाले, की पाऊणशे किलोमीटरच्या टप्प्यात तीन पिके भेटतात आणि तिन्ही आपापल्या गावाच्या नावाने ओळखली जातात: बेळगावचा बटाटा, संकेश्वरची मिरची आणि निपाणीचा तंबाखू. बाजारात या तिघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. एक भाजी, एक मसाला, एक नगदी पीक. वनस्पतिशास्त्रात मात्र तिघांचे कूळ एकच आहे, सोलॅनेसी. तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. याच कुळातले चौथे पीक या पट्ट्यात विहिरीवरच्या आणि कालव्याखालच्या मळ्यांतून निघते आणि बेळगावच्या बाजारातून घाट उतरून गोव्याच्या स्वयंपाकघरात पोहोचते. ते पीक म्हणजे टोमॅटो.

या टोमॅटोपासून अर्ध्या तासात घरच्या घरी उत्तम स्पॅगेटी सॉस होतो. स्पॅगेटीची पाकिटे आता तालुक्याच्या गावातही मिळतात आणि मुले ती हौसेने खातात. सोबत सॉसची बाटली विकत आणली जाते. ती आणण्याची काहीच गरज नाही. सॉसला लागणारा जवळजवळ प्रत्येक जिन्नस या मुलखात पिकतो. स्पॅगेटी ज्या गव्हापासून बनते, त्या गव्हाच्या इतिहासातही आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या पिकणाऱ्या एका धान्याचा मोलाचा वाटा आहे. तो समजून घेतला की हे ताट परके वाटत नाही.

एका कुळातली चार पिके

पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतले आणि पुढच्या शतकभरात अमेरिकेतली पिके पश्चिम किनाऱ्यावरून घाटमाथ्यावर चढू लागली. तंबाखूची नोंद तर थेट विजापूरच्या दरबारातली आहे. अकबराचा वकील असद बेग 1604 च्या सुमारास विजापुरात होता. तिथे त्याने तंबाखू प्रथम पाहिला आणि तो बादशहासाठी आग्र्याला नेला. त्या काळी बेळगावचा मुलूखही आदिलशाहीतच होता. मिरची तर दख्खनच्या जेवणात इतकी मिसळून गेली की ती बाहेरून आली हेच लोक विसरले. टोमॅटो मात्र आपल्या स्वयंपाकात उशिरा रुळला; इंग्रजी अमदानीत त्याची लागवड वाढली.

युरोपातही टोमॅटोची वाटचाल सोपी नव्हती. इटालियन वनस्पतितज्ज्ञ मात्तिओली याने 1544 मध्ये त्याचा उल्लेख केला, पण बेलाडोनासारख्या विषारी झाडाचा हा नातलग म्हणून लोक बराच काळ बिचकत राहिले. टोमॅटो सॉसची छापील कृती प्रथम दिसते ती 1692 साली नेपल्समध्ये निघालेल्या अंतोनिओ लातिनी याच्या पाकशास्त्राच्या ग्रंथात. पिकलेले टोमॅटो निखाऱ्यावर भाजायचे, साल काढायची, बारीक चिरायचे आणि त्यात कांदा, मिरची, रानथाइम, मीठ, तेल व व्हिनेगर घालायचे, अशी ती कृती आहे. इटलीच्या पहिल्या छापील टोमॅटो सॉसमध्ये मिरची होती, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. संकेश्वरी मिरची घातल्याने आपण परंपरा मोडत नाही. उलट तिच्या मुळाशी जातो.

शेवयांसारखी लांब, वाळवलेली पास्ता तर टोमॅटोच्या कितीतरी आधीची आहे. अरब भूगोलकार अल-इद्रिसी याने 1154 मध्ये सिसिलीतल्या त्राबिया गावी ती मोठ्या प्रमाणात तयार होऊन जहाजांनी दूरदूर जात असल्याचे लिहून ठेवले आहे. म्हणजे पास्ता आणि टोमॅटो एका ताटात यायला आणखी सहा शतके जावी लागली. नेपल्सच्या इप्पोलितो काव्हाल्कांती याने 1839 मध्ये शेवयांवर टोमॅटो सॉस घालण्याची कृती छापली, तेव्हा ही जोडी पक्की झाली होती.

खपलीचे ऋण

स्पॅगेटी डुरम गव्हाच्या रव्याची करतात. हा गहू आपल्याला नवा नाही. मराठीत त्याला बन्सी म्हणतात. उत्तर कर्नाटक आणि दक्षिण महाराष्ट्राच्या काळ्या रानात, नुसत्या पावसाच्या ओलीवर, तो पूर्वापार पिकत आला आहे. ‘बिजागा यलो’ हे त्याचे जुने वाण याच मुलखातले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने काढलेले एमएसीएस 4028 हे वाणही डुरमच आहे आणि त्यात सुमारे 14.7 टक्के प्रथिने असतात.

डुरमहून जुना गहू म्हणजे खपली. बेळगाव, बागलकोट, धारवाड आणि पलीकडे सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत तो आजही पेरला जातो आणि त्याची खीर सणासुदीला होते. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाने जी पहिली धान्ये लागवडीखाली आणली, त्यांत हा गहू होता. त्याच्याच वंशात पुढे कवचातून सहज सुटणारा डुरम तयार झाला. दोघांच्याही पेशीत 28 गुणसूत्रे असतात. चपातीच्या नेहमीच्या गव्हात 42. मळणीनंतरही खपलीचा दाणा कवचातच राहतो आणि तो वेगळा भरडून काढावा लागतो. याच कष्टामुळे हा गहू मागे पडत गेला. उंच वाढून लोळणाऱ्या जुन्या खपलीला पर्याय म्हणून धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीडीके 1025 आणि डीडीके 1029 अशी बुटकी वाणे काढली आणि तिची शेती पुन्हा परवडू लागली.

या धान्याची खरी थोरवी मात्र फारशी कुणाला माहीत नाही. गव्हावर पडणारा काळा तांबेरा जगभर उभी पिके फस्त करत असे. अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी 1922 मध्ये तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. त्या बारांपैकी एकाचे नाव ‘खपली’ असेच होते. हे भारतातून गेलेले वाण तांबेऱ्याला दाद देत नव्हते. म्हणून पैदासकारांनी त्याचा संकर डुरमशी केला आणि ती प्रतिकारशक्ती डुरममध्ये उतरवली. ती देणाऱ्या ‘एसआर 13’ या जनुकाची रचना 2017 मध्ये उलगडली. युगांडातून पसरलेल्या ‘यूजी 99’ या तांबेऱ्याच्या घातक गटाविरुद्धही हा जनुक उपयोगी पडतो. त्याचे दोन मुख्य स्रोत सांगितले जातात, एक इथिओपियाचा गहू आणि दुसरी आपली खपली. परदेशी कारखान्यात बनलेल्या स्पॅगेटीच्या गव्हातही आपल्या रानातल्या धान्याचा अंश असू शकतो, ही गोष्ट सीमाभागातल्या प्रत्येक शेतकऱ्याला कळायला हवी.

पीठ वळून त्याचे नाना आकार करण्याची कलाही आपल्याकडे घरोघरी होती. लग्नसराईच्या आधी बायका एकत्र बसून वळवट करत: शेवया, गव्हले, नखुले, बोटवे, मालत्या. गव्हले वळणाऱ्या बाईचा हात जवळून पाहण्यासारखा असतो. घट्ट तिंबलेल्या पिठाची सुतासारखी बारीक वळी डाव्या हातात धरलेली असते. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी तिचे टोक चिमटीत घेऊन किंचित पीळ देतात आणि दोन्ही टोकांना निमुळता, गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा ताटात पडतो. दृष्टी पिठाकडे नसतेच. गप्पा चाललेल्या असतात आणि दाणे मात्र एकसारखे पडत राहतात. इटलीत जवाच्या दाण्याच्या आकाराचा ओर्झो करतात, तोही याच जातीचा पदार्थ.

सॉसची तयारी

चार माणसांसाठी एक किलो पिकलेले लाल टोमॅटो घ्यावेत. मिळाले तर जवारी घ्यावेत. त्यांना आंबटपणा आणि वास दोन्ही अधिक असतो. संकरित टोमॅटो घेतले तर जाड गराचे आणि पूर्ण पिकलेले निवडावेत. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवू नयेत. थंडीने त्यांच्यातले वास तयार करणारे जनुक मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही तो वास पुरता परतत नाही, हे 2016 मध्ये प्रयोगाने दिसून आले आहे.

बाकीचे जिन्नस असे: दोन मध्यम कांदे, आठ पाकळ्या लसूण, एक संकेश्वरी आणि दोन ब्याडगी मिरच्या, चार मोठे चमचे शेंगदाणा तेल, पाव चमचा ओवा, चमचाभर मीठ, सुपारीएवढा गूळ आणि मूठभर सब्जाची पाने. फालुद्यात ज्याचे बी घालतात तो सब्जा म्हणजेच इटालियन स्वयंपाकातले बेसिल. कुंडीत बी टाकले तरी तो उगवतो. ओव्याला जो उग्र वास असतो तो थायमॉल या द्रव्याचा, आणि थाइमच्या पाल्यातही तेच द्रव्य असते. लातिनीच्या कृतीतल्या रानथाइमची जागा म्हणूनच ओवा चांगली भरून काढतो.

लसूण आधी ठेचून दहा मिनिटे तसाच ठेवावा. पाकळी अखंड असताना तिला फारसा वास नसतो. ठेचल्यावर पेशी फुटतात, त्यातले एक विकर मोकळे होते आणि लसणाचा खरा अर्क असलेले ॲलिसिन तयार होते. ठेचल्याबरोबर कढईत टाकला, तर उष्णतेने हे विकर मरते आणि ॲलिसिन पुरेसे बनतच नाही. तोवर मिरच्या गरम पाण्यात भिजत घालाव्यात. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली. तिला 2011 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिखटपणा कमी आणि रंग गडद, ही तिची ओळख. संकेश्वरीचे काम झणका देण्याचे, ब्याडगीचे रंग देण्याचे. दोन्ही मिळून बारीक वाटून घ्याव्यात.

टोमॅटोच्या बिया आणि त्यांभोवतीचा बुळबुळीत गर पुष्कळ जण काढून टाकतात. तसे करू नये. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळे केले आणि रसरशीत, भरदार चवीमागचे कारण त्यात असल्याचे दाखवले. हेच ग्लुटामेट टोमॅटोत भरपूर असते. इंग्लंडच्या रीडिंग विद्यापीठात 2007 मध्ये झालेल्या मोजणीत बियांभोवतीच्या गरात ते बाहेरच्या मांसल भागाच्या तिपटीहून जास्त निघाले. म्हणजे आपण टाकून देतो तोच भाग सर्वांत चविष्ट असतो.

अर्ध्या तासाची कृती

कढईत तेल तापले की बारीक चिरलेला कांदा आणि निम्मे मीठ घालावे. मिठाने कांद्याचे पाणी सुटते आणि तो करपण्याआधी मऊ होतो. सहा-सात मिनिटांत तो पारदर्शक झाला की लसूण घालावा आणि फिकट सोनेरी होताच आच कमी करावी. लसूण तांबूस झाला की कडू लागतो. मग मिरचीचे वाटण आणि हातावर चोळलेला ओवा घालावा. मिरचीचा रंग पाण्यात फारसा उतरत नाही, तेलात उतरतो. म्हणून वाटण तेलात परतणे महत्त्वाचे. मिनिटभरात तेलाला लाल तवंग येतो.

आता टोमॅटो. ते आधी चिरून ताटात ठेवू नयेत. चिरून लगेच कढईत टाकावेत आणि आच मोठी करावी. यामागचे कारण फार सुंदर आहे. टोमॅटोच्या पेशींना बांधून ठेवणारे द्रव्य म्हणजे पेक्टिन. सॉसला घट्टपणा येतो तो त्याच्यामुळे. पण टोमॅटो चिरला की त्याच्यातलीच विकरे पेक्टिन तोडू लागतात आणि ताटात पाणी साठते. तापमान झटकन 85-90 अंशांच्या पुढे गेले की ही विकरे निकामी होतात आणि पेक्टिन शाबूत राहते. मोठ्या कारखान्यांत घट्ट पेस्ट करताना टोमॅटो चिरताक्षणी तापवतात ते याचसाठी. घरच्या कढईतही तोच नियम लागू पडतो.

पाच मिनिटे खळखळून उकळल्यावर आच मध्यम करावी, उरलेले मीठ घालावे आणि बारा ते पंधरा मिनिटे मधूनमधून हलवत शिजवावे. या वेळात टोमॅटोचा लाल रंगद्रव्यकण, म्हणजे लायकोपीन, पेशींच्या भिंतींतून मोकळा होतो. लायकोपीन तेलात विरघळते, म्हणून तेलासोबत शिजवलेल्या टोमॅटोतून ते शरीराला अधिक सहज मिळते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात 2002 मध्ये टोमॅटो 88 अंशांवर अर्धा तास तापवून पाहिले. क जीवनसत्त्व सुमारे 29 टक्के घटले, पण लायकोपीनचे मोजलेले प्रमाण अडीचपटीच्या पुढे गेले.

भांड्याचाही विचार करावा. टोमॅटो आंबट असल्याने कल्हई नसलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यात हा सॉस मुळीच करू नये. स्टीलचे भांडे उत्तम. लोखंडी कढईत केला तर चवीला किंचित धातूची छटा येते, पण लाभही होतो. अमेरिकेतल्या टेक्सस टेक विद्यापीठाच्या 1986 च्या अभ्यासात नेमका स्पॅगेटी सॉसच लोखंडी भांड्यात शिजवून पाहिला होता. दर 100 ग्रॅममागे लोह 0.6 मिलिग्रॅमवरून सुमारे 5.8 मिलिग्रॅमपर्यंत वाढले. घरात कुणाला रक्त कमी असेल तर ही कढई जरूर काढावी. सॉस मात्र झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात ओतावा.

शेवटी गूळ. गुळाने टोमॅटोचे आम्ल नाहीसे होत नाही, फक्त जिभेवर आंबट-गोडाचा तोल साधतो. सोडा घातला तर आम्ल खरोखरच मरते, पण त्याबरोबर टोमॅटोची चवही जाते. म्हणून गूळच बरा, तोही बेताने.

तेल सुटण्याच्या पुढे

मराठी घरात मसाला शिजल्याची खूण एकच: कडेने तेल सुटणे. टोमॅटोतले पाणी आटले, की तेलाला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते वेगळे होते. रश्श्यासाठी ही खूण अचूक आहे. स्पॅगेटीसाठी मात्र इथून एक पाऊल पुढे जावे लागते, कारण सुटलेले तेल गुळगुळीत स्पॅगेटीवरून खाली ओघळते आणि सॉस ताटाच्या तळाशी राहतो.

सॉस शिजत असतानाच दुसऱ्या चुलीवर चार लिटर पाण्यात 40 ग्रॅम मीठ घालून 400 ग्रॅम स्पॅगेटी उकळावी. पाकिटावर दिलेल्या वेळेच्या एक मिनिट आधी ती काढावी, आणि पाणी टाकून देण्यापूर्वी एक वाटी बाजूला ठेवावे. या पाण्यात स्पॅगेटीतून सुटलेले स्टार्च असते. स्पॅगेटी आणि अर्धी वाटी पाणी सॉसमध्ये घालून मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटे उलटसुलट करावी. स्टार्च तेलाचे बारीक थेंब पाण्यात धरून ठेवते, वेगळे झालेले तेल पुन्हा एकजीव होते आणि सॉस प्रत्येक तंतूला चिकटतो. कढईत पाहताना हा बदल स्पष्ट दिसतो: लाल तवंग नाहीसा होतो आणि सॉसला साटिनसारखी चमक येते. आता आच बंद करून सब्जाची पाने हाताने तोडून घालावीत. त्यांतली सुगंधी तेले उष्णतेने उडून जातात, म्हणून ती अगदी शेवटी.

स्पॅगेटीऐवजी खपलीच्या शेवया घेतल्या तरी हाच सॉस चालतो. शेवया आधी कोरड्या खमंग भाजाव्यात, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटेच ठेवाव्यात आणि सॉस थोडा पातळ ठेवून हलक्या हाताने मिसळावा. खपलीच्या पिठाला चिवटपणा कमी असतो, त्यामुळे त्या लवकर तुटतात.

साठवण आणि स्वस्ताईचे दिवस

हा सॉस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि डीप फ्रीझरमध्ये तीन महिने चांगला राहतो. घरी बाटलीत भरून फ्रिजबाहेर ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’ हा प्राणघातक विष तयार करणारा जिवाणू हवाबंद जागी वाढतो. सामू 4.6 च्या खाली असेल तरच त्याला अटकाव होतो. टोमॅटो या सीमेच्या अगदी जवळ असतो आणि कांदा-लसूण घातल्यावर आम्लता आणखी कमी होते. वर तेलाचा थर ओतल्याने धोका टळत नाही, वाढतो.

टोमॅटोच्या शेतकऱ्याचे दुखणे सर्वांना ठाऊक आहे. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला आणि सप्टेंबरपर्यंत भाव इतके कोसळले, की अनेकांनी माल रस्त्यावर ओतला. केंद्र सरकारने 2018-19 च्या अर्थसंकल्पात टोमॅटो, कांदा आणि बटाटा या तीन पिकांसाठी ‘ऑपरेशन ग्रीन्स’ जाहीर केले व त्याला 500 कोटी रुपये ठेवले. ही तिन्ही पिके बेळगाव जिल्ह्यात आहेत. सरकारी योजनेचे काम मोठ्या प्रमाणावर चालेल. घराघरांतले काम आपल्या हातात आहे. भाव पडलेल्या आठवड्यात पाच किलो टोमॅटो आणून वरच्या रीतीने सॉस करावा आणि एका जेवणापुरते वेगळे डबे भरून फ्रीझरमध्ये ठेवावेत. तेवढ्याने पुढचे तीन महिने बाटली आणावी लागत नाही, आणि मातीमोल होऊ घातलेला माल विकला जातो. बेळगाव, संकेश्वर आणि निपाणीच्या आठवडी बाजारांतून जाणाऱ्या प्रत्येक घराने हंगामात एकदा एवढे केले, तर खाणाऱ्याचा आणि पिकवणाऱ्याचा दोघांचाही फायदा आहे.